निरू, तो दगड तुझ्यासाठी नव्हता

निरू, तू गेल्यापासून लोक मला विचारतात, कशी होती हो ती स्वभावानं? मी सांगते, मारकुटी. लोकांना ते आवडत नाही. समुपदेशन शिकलेली मुलगी, दुसऱ्याला वाचवायला गेली आणि मेली, म्हणजे ती सोशिकच असली पाहिजे असं त्यांनी ठरवून टाकलंय. शोकसभेत एका गृहस्थांनी तुला शांततेची मूर्ती म्हटलं, तेव्हा मला एवढं हसू आलं की मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या बाईला वाटलं मी हुंदके देतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शांततेची मूर्ती! चंद्रपूरच्या बसमध्ये माझ्या कमरेला हात लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात तू जेवणाचा डबा घातला होतास. भरलेला. लाखोळीच्या डाळीचं वरण त्याच्या कानामागून मानेवर ओघळत होतं आणि तू कंडक्टरला ओरडून सांगत होतीस, "उतरवा याले इथीच." मी शरमेनं मान वर केली नाही. खोलीवर आल्यावर तुला म्हटलं, "समुपदेशक व्हायचं हाय ना आपल्याले? अशी मारत सुटली तं कसं होईन?" तू डबा घासत होतीस. मागं न वळता म्हणालीस, "काऊन? समुपदेशनच तं केलं त्याचं. आता नाई लावणार कोणाले हात."

खोलीत पंखा गरम हवा फिरवायचा, खिडकीच्या चौकटीवर कोळशाची काळी भुकटी बसायची. मी वरोऱ्याची, बाबांचं कृषी केंद्र, घरात कुणी आवाज चढवला तर आई दारं लावून घेणारी. तू धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाची. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं म्हणून आपण एका खोलीत आलो, नाहीतर आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या अंथरुणातला विंचू चपलेनं ठेचलास आणि तीच चप्पल घालून वर्गात आलीस. मला तुझी भीती वाटायची, निरू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. नंतर कधीतरी ती भीती गेली आणि तू बाजूला असलीस की मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली. हेही सांगायचं राहिलं.

आपला वाद मात्र वर्गातच सुरू झाला. मॅडम शिकवत होत्या, समोरच्याचं मधे तोडू नका, सल्ला देऊ नका, त्याच्या भावनेला नाव द्या. तू हात वर केलास. "मॅडम, समोरची बाई सांगून राह्यली का नवरा उद्या कुऱ्हाड घेऊन येणार हाय, तं मी काय म्हणू? 'तुम्हाला भीती वाटते आहे'?" सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. आधी तेच म्हण. मग पोलिसांना फोन कर." तू खाली बसलीस, पण "मले नाई पटलं" असं माझ्या कानात म्हणालीस. मला पटलं होतं. मी तेव्हापासून मॅडमच्या बाजूची आणि तू तुझ्या एकटीच्या.

मग तो सरावाचा तास. मी समुपदेशक, तू समस्या घेऊन आलेली. मॅडमनी सांगितलं होतं, एखादी लहानशी खरी गोष्ट घ्या. तू खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, माझ्या मायेला वाघानं नेलं त्या दिवसाबद्दल बोलते.

लहानशी गोष्ट!

तुझी याया, म्हणजे माय, मोहफुलं वेचायला गेली होती. तू झाडाच्या दुसऱ्या बाजूला होतीस. टोपली कलंडल्याचा आवाज झाला, एवढंच. मग तू पानं ओढल्याचा आवाज ऐकलास आणि त्या आवाजाच्या मागं धावलीस. बी.ए.ला होतीस तेव्हा. तुला ती सापडली तेव्हा तिचं तोंड तसंच होतं, झोपल्यासारखं, आणि मानेच्या खाली काही ओळखीचं नव्हतं. हे तू सरळ सांगत गेलीस. मग गावात फॉरेस्टची गाडी आली. लोकांनी काचा फोडल्या. तू गर्दीतून आत घुसलीस आणि एका फॉरेस्टवाल्याच्या हाताला चावलीस.

"रगत आलं तोंडात," तू म्हणालीस. "मी सोडला नाई."

मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "तुला खूप राग आला होता."

तू खुर्ची मागं फेकून उठलीस. खुर्ची भिंतीवर आदळली. "अवो, राग नाई! राग काय असतो? मले त्याले खायचं होतं. समजलं? खायचं होतं."

मी पुढचं वाक्य विसरले. तू स्वतःच खुर्ची उचललीस, बसलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "पण त्यानं हात ओढला नाई. मी दमेपर्यंत तसाच उभा राह्यला. दुसरे मले ओढाले आले तं त्याइले बी नको म्हणे. ते काय होतं, ते मले शिकायचं हाय. म्हून आली मी इथी."

त्या दिवशी मॅडमनी आपल्याला गुण दिले नाहीत. चहा पाजला.

पुस्तकं तू माझ्यापेक्षा कमी वाचायचीस आणि वाचलेल्याशी भांडायचीस. परीक्षेच्या आधी मला ताप आला तेव्हा एक संपूर्ण प्रकरण तू मला गोष्टीसारखं सांगितलंस, मधे मधे लेखकाला शिव्या घालत. ते प्रकरण मला आजही तुझ्या शिव्यांसकट आठवतं. स्कूटी मला तू शिकवलीस, तीही ट्रकांच्या रस्त्यावर. मी ब्रेक दाबला की पाठीत गुद्दा. "भेलं का मरते माणूस," म्हणायचीस. उपाशी राहायला तुला यायचं नाही, आणि मी राहिले की चिडायचीस. जवसाची चटणी आणि भात ताटात वाढून माझ्यासमोर आपटायचीस. निरू, माझ्यावर आजवर ज्यांनी प्रेम केलं त्यांच्यात आपटून वाढणारी तू एकटीच.

शिक्षण संपलं आणि आपल्या दोघींना एकाच प्रकल्पात काम मिळालं. वाघानं माणूस नेलेल्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं. नेमून दिलेली पद्धत अशी की घटना होऊन पंधरवडा गेला की पहिली भेट. तोवर घरात पोलिस, पंचनामा, नातेवाईक असतात. त्यात आपण जाऊ नये. मला हे बरोबर वाटायचं. अजूनही वाटतं, बहुतेक.

तुला नाही वाटलं. सिंदेवाहीकडच्या एका घरी गेलो होतो, आठवतं? त्या बाईनं आपल्याला खुर्च्या दिल्या, चहा दिला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ठीक हाय जी सगळं." तिचा मुलगा गेला होता. आपण तासभर बसलो, ती ठीक हाय म्हणत राहिली. बाहेर आल्यावर तू स्कूटीच्या सीटवर बुक्की मारलीस.

"उशीर झाला. त्या बाईनं दार लावून घेतलं आता. आतून कडी घातली."

"आधी जाऊन काय करशीन?" मी म्हटलं. "तेव्हा त्याइले ऐकू तरी येते का?"

"मले येत होतं. सगळं ऐकू येत होतं मले. कोणी बोललंच नाई."

मी म्हटलं, गर्दीत शिरणं हे आपलं काम नाही. तू म्हणालीस, गर्दी असं काही नसतं, तिथं एकेक माणूस असतो. हा वाद आपण कितीदा घातला असेल. चहा पिताना, कपडे वाळत घालताना, अहवाल लिहिताना. तू हरलीस की ताट आपटायचीस, मी हरले की गप्प बसायचे. शेवटचा वाद आपण स्कूटीवर घातला. तो कोणी जिंकला ते मला कळलेलं नाही.

त्या दिवशी आपण वडशाला शाळेत शिक्षकांसाठी कार्यक्रम घ्यायला गेलो होतो. धान कापणी चालू होती. स्टेशनच्या रस्त्यावर नाटक मंडळ्यांचे फलक लागले होते आणि तू एका फलकावरच्या खलनायकाकडे बघून म्हणालीस, याच्यापेक्षा चांगल्या मिशा माह्या काकाच्या आहेत. तेवढ्यात तुझा फोन वाजला. आरमोरी रस्त्याच्या आतल्या गावातली आशाताई, तिथली आरोग्यसेविका, बोलत होती. गिरजाबाई नावाची बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, धान कापत होती, वाघानं नेली. वनरक्षक गेडाम गावात आले तर लोकांनी त्यांना धरलंय. मारून राह्यले, लवकर या, ती रडत होती.

गेडामभाऊंना आपण दोघी ओळखत होतो. गावोगाव फिरून, एकटं जाऊ नका, वाकून काम करताना कुणीतरी उभं राहा, असं घसा फोडून सांगणारा तो माणूस. तोही जंगलातल्या गावचाच.

"आधी पोलिस येऊ दे," मी मागून ओरडले. तू स्कूटी पळवत होतीस.

"पोलिस आले का लाठी येते. मंग तं संपलंच."

"निरू, हे आपलं काम नाही!"

तू काहीतरी म्हणालीस. समोरून धानाचा ट्रॅक्टर येत होता, त्याच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तू काय म्हणालीस, निरू?

गावात शिरलो तर ग्रामपंचायतीसमोर माणसंच माणसं. फॉरेस्टच्या जीपच्या काचा रस्त्यावर पसरल्या होत्या. गेडामभाऊ हातपंपाशी खाली पडले होते. त्यांचा एक कान फाटून लोंबत होता. एकजण त्यांना सायकलच्या चेननं मारत होता, आणि प्रत्येक फटक्याला त्यांचं अंग आपोआप उडत होतं. ते ओरडतही नव्हते. लोक ओरडत होते. मी अशी तोंडं कधी बघितली नव्हती. मी तुझा हात धरायला गेले आणि माझ्या हातात काही आलं नाही. तू आत गेली होतीस.

तू त्यांच्या अंगावर आडवी पडलीस. तुझ्या पाठीवर चेन बसली, मग एक काठी, मग आणखी एक. मग कुणीतरी ओरडलं, "बाई हाय, बाई हाय!" आणि हात थांबले.

तू उठून बसलीस. तुझी वेणी सुटली होती. तू जे ओरडलीस ते सगळ्या गावानं ऐकलं. "माही माय बी वाघानंच नेली. मी बी असंच केलं होतं. मले मारा, मी इथीच बसली हाय. पण मले एक सांगा. गिरजाबाई कुठी हाय?"

तू एकेकाच्या तोंडाकडे बघितलंस.

"तिच्याजवळ कोण बसलं हाय?"

निरू, मी आतापर्यंत जी काही पुस्तकं वाचली त्यांत असा प्रश्न नाही. सगळा गाव तिथं होता. गिरजाबाई शेतात होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चेन धरलेल्या माणसानं चेन खाली सोडली, आणि तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. एका म्हातारीनं तोंडात पदर घातला आणि ती शेताकडे चालू लागली. मग आणखी बायका. मग पुरुष, एकेक, कुणी कुणाशी न बोलता. गिरजाबाईची सून अर्चना, पोटुशी, भिंतीला धरून उभी होती. ती घसरायला लागली म्हणून मी तिला धरलं. मला वाटलं, संपलं. मला तुझा फार अभिमान वाटला. आज खोलीवर गेल्यावर, मी मनात म्हटलं, हिला सांगायचं की तू जिंकलीस.

गिरजाबाईजवळ एकच माणूस बसला होता. तिचा नवरा सदाशिव. बायका शेताकडे जात होत्या तेव्हा तो दुसऱ्या गल्लीनं गावाकडे येत होता. त्याच्या सदऱ्यावर, हातावर, कोपरापर्यंत तिचं रक्त होतं. तो हातपंपाच्या मागून आला. त्याला खाकी दिसली. तू त्या खाकीवर वाकून ओढणीनं कानाचं रक्त पुसत होतीस. त्यानं दोन्ही हातांनी दगड डोक्यावर उचलला आणि टाकला.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही. मला तो भांडी घासताना ऐकू येतो.

जीपमध्ये तुझं डोकं गेडामभाऊंच्या मांडीवर होतं. त्यांचं स्वतःचं रक्त तुझ्या कपाळावर टपकत होतं आणि ते सारखे पुसत होते. तू शुद्धीत होतीस. रागावलेलीही होतीस. तू ओकलीस, मग म्हणालीस, "माही चप्पल राह्यली तिथी." मी म्हटलं, आणू. "आत्ता आण ना," तू म्हणालीस, आणि डोळे असे फिरवलेस की मी ड्रायव्हरच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागले. गडचिरोलीहून नागपूरला नेलं. तिथं तुझे केस काढले. टाळूच्या बाजूला हाड आत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि मी त्यांना काही बोलूच दिलं नाही, त्यांचा एप्रन धरून ओढत राहिले. एवढंच मला आठवतं.

तुझ्या गावात तुला मातीत ठेवलं. तुझे बाबा कुणाशी बोलत नव्हते. सगळं झाल्यावर मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "मायेले तं वाघानं नेलं. हिले कोणी नेलं, ते मले समजून नाई राह्यलं. तू शिकलेली हायेस, तू सांग." मी हात जोडले. त्यांनी मान हलवली, जोहार घातला आणि दुसरीकडे बघायला लागले.

मग मी तुझ्यासारखी झाले, निरू. वाईट अर्थानं. वरोऱ्याला टपरीवर दोन माणसं बोलत होती. एकजण म्हणाला, "समजवाले गेली होती, चांगलीच समजून आली." दुसरा हसला. माझ्या हातातला चहा उकळता होता. मी तो हसणाऱ्याच्या तोंडावर फेकला. त्याचं किंचाळणं ऐकून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बाबांनी येऊन हात जोडले, प्रकरण मिटवलं. आईनं घरी आल्यावर दारं लावून घेतली. मी आतल्या खोलीत भिंतीवर डोकं आपटत राहिले आणि तो सदाशिव समोर असता तर काय काय केलं असतं ते ठरवत राहिले. अगदी बारकाईनं ठरवलं. माझ्यासारख्या मुलीच्या डोक्यात एवढं कुठून आलं, मला माहीत नाही.

अशातच अर्चना आली. पोट घेऊन, बस बदलत, वरोऱ्यापर्यंत. तिचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता तो परत आला होता, पण बापाचं तोंड बघणार नाही म्हणत होता. सासरा चंद्रपूरच्या तुरुंगात होता. "जेवून नाई राह्यले जी. बोलून बी नाई राह्यले. नुसते भिंतीकडे पायतात. निरुताबाई राह्यत्या तं गेल्या असत्या."

मी तिला म्हटलं, "निघ इथून."

ती निघाली नाही. आईनं तिला जेवायला वाढलं.

मी मॅडमना फोन केला. त्या स्पष्ट म्हणाल्या, "तू जायचं नाहीस. आपल्या जवळच्या माणसाला ज्यानं मारलं त्याच्यासमोर समुपदेशक म्हणून बसता येत नाही. मी दुसऱ्या कुणाला पाठवते." त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, मी समुपदेशक म्हणून जात नाही. मग कशाला जातेस, त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

कशाला ते मला माहीत होतं. त्याला सांगायला. तू कशी मेलीस ते सगळं, ओकारीपासून हाडापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. त्याच्या कानात ओतायचं आणि निघून यायचं. हातानं मारता येत नाही म्हणून तोंडानं मारायला मी गेले होते.

जाळीच्या पलीकडे एक लहानसा माणूस येऊन बसला. मला वाटलं दुसऱ्याच कुणाला आणलं. त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती. अर्चना म्हणाली, "बाबाजी, ह्या बाई तुमाले भेटाले आल्या." त्यानं वर पाहिलं नाही.

मी सुरू केलं. सगळं सांगितलं. दगड कुठं लागला. डोळे कसे फिरले. केस कसे काढले. तुझ्या बाबांनी काय विचारलं. माझा आवाज सपाट होता, वर्गात अहवाल वाचावा तसा. अर्चना रडायला लागली, मी थांबले नाही. त्याचा चेहरा हलत नव्हता. त्यामुळं मला आणखी चेव आला.

मधेच तो बोलला. इतका हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"नाव काय होतं तिचं?"

"निरुता."

"म्या बायकोले उचलाले गेलो," तो म्हणाला, "अना हात तसाच माह्या हातात आला. नुसता हात. मंग तो हात घेऊन बसलो. कोणी येईन म्हणलं. कोणीच नाई आलं. सगळे त्याले माराले गेले. मले वाटलं विसरले तिले. म्हून उठलो."

मी अजून थांबले नव्हते, निरू. माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती आणि ती किती धारदार आहे ते मला बोलेपर्यंत कळलं नव्हतं.

"ती विसरली नव्हती," मी म्हटलं. "तिनं सगळ्या गावाले विचारलं, गिरजाबाई कुठी हाय? तिच्याजवळ कोण बसलं हाय? त्याच्यानंच लोक शेताकडे निघाले होते. तुमी थोडं थांबले असते तं सगळे आले असते."

"कोणी विचारलं?"

"तिनंच. जिच्यावर तुमी दगड टाकला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं जाळीवर कपाळ आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा पुन्हा. कपाळ फुटलं. शिपाई धावले, दोघांनी त्याला मागं ओढलं, तरी तो जाळीकडे झेपावत होता. अर्चना ओरडत होती. मी उभी होते. मला हवं होतं ते मिळालं होतं. त्याला मी मारलं होतं, आणि तुझ्या तोंडच्या सगळ्यांत मायेच्या शब्दांनी मारलं होतं.

बाहेर रस्त्यावर अर्चनानं माझा दंड धरून मला गदागदा हलवलं. "कायले सांगतलं वो? कायले सांगतलं?" तिनं हलवलं तेवढी मी हलले. मग ती दमली आणि आम्ही दोघी फूटपाथवर बसलो. तिला तहान लागली होती. मी पाणी आणलं.

काही दिवस मी घराबाहेर पडले नाही. मॅडम स्वतः आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि वाट पाहिली की आता त्या माझ्यावर ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुला वेदना द्यायची होती." मी हो म्हटलं. "आणि खरंही सांगायचं होतं." मला वाटतं त्या तुझ्या-माझ्या वादात पहिल्यांदाच कुणाची बाजू न घेता बसल्या होत्या. जाताना मात्र म्हणाल्या, स्वतः एकदा कुणाकडे तरी जाऊन बोल. मी जाते आहे, निरू. नागपूरला, एका बाईंकडे. त्या फार बोलत नाहीत. तुला त्या आवडल्या नसत्या.

परवा अर्चनाचा फोन आला. सासरा जेवतोय. कपाळावर टाके आहेत. आणि त्यानं निरोप दिलाय: त्या बाईले म्हणा, ते पोरगी आणखी काय काय बोलत होती, कशी होती, ते सांगाले या.

मी त्याला माफ केलेलं नाही. स्वप्नात मी अजूनही त्याला मारते आणि जागी झाल्यावर मला वाईट वाटत नाही. मॅडम म्हणतात, कशासाठी जायचं ते कळल्याशिवाय जाऊ नकोस. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी जा, मग कळेल. मला कुणाचंच पूर्ण पटत नाही.

पण घरी तुझं नाव काढलं की आई विषय बदलते. ऑफिसात तुझ्या जागेवर नवी मुलगी आली आहे, ती भली आहे, ती विचारत नाही. तुझ्या बाबांना फोन केला तर ते नुसता श्वास ऐकवतात. टपरीवर, बसमध्ये, सगळीकडे लोक म्हणतात, आता विसर, पुढचं बघ. निरू, तू कशी होतीस ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायला तयार असलेला या दोन जिल्ह्यांत मला एकच माणूस सापडला आहे, आणि तो चंद्रपूरच्या तुरुंगात जाळीच्या पलीकडे बसला आहे.

शुक्रवारी भेटीचा दिवस आहे. मी जाते आहे.